नोंदीची किंमत : शिवडीचे रोहित आणि खानदेशचा रानपिंगळा

परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे थांबले त्याला आता बराच काळ लोटला. परंतु त्या वस्तीच्या पूर्वेस, शिवडी स्थानकापलीकडे, बंदराच्या जमिनीला लागून जो चिखलाचा विस्तीर्ण पट्टा आहे तो मात्र नांदता आहे. कार्तिकाच्या सुमारास येथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागतात आणि पावसाच्या तोंडाशी ते परततात. गेली सुमारे तीन दशके हा क्रम चालू आहे. तेलाच्या टाक्या, डागडुजीसाठी चिखलात रुतवून ठेवलेली गलबते आणि त्यांच्यापुढे गुलाबी पक्ष्यांची लांबच लांब रांग, असे हे दृश्य पाहण्यासाठी सुटीच्या दिवशी निसर्गप्रेमी संस्थांच्या सहली येथे येतात. तीस-चाळीस माणसे, एखादी तिपाईवरची दुर्बीण आणि तिच्यामागे उभा राहून पक्ष्यांची ओळख करून देणारा मार्गदर्शक असे या सहलींचे साधारण स्वरूप असते.

अशा सहलीत पुष्कळदा नेहमीचेच पक्षी दिसतात. क्वचित एखादा निराळा पक्षी दिसतो. तो खरोखर कोणता, तो तेथे पूर्वी कोणी पाहिला होता काय, आणि पाहिल्याचा पुरावा काय, हे प्रश्न तेथून सुरू होतात. एका पक्ष्याच्या बाबतीत या प्रश्नांची खोटी उत्तरे दिली गेल्याने जगभरच्या अभ्यासकांची अनेक वर्षे दिशाभूल झाली. तो पक्षी महाराष्ट्राचाच आहे. त्याची हकिगत सांगण्यापूर्वी मुंबईतील पक्षिनिरीक्षणाची परंपरा थोडक्यात पाहणे सोयीचे होईल.

ही परंपरा केवळ साहेबांच्या हौसेतून निर्माण झाली, असा एक समज आहे. तो पूर्णपणे बरोबर नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 15 सप्टेंबर 1883 रोजी ज्या आठ गृहस्थांनी स्थापन केली त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी वैद्यक व्यावसायिक होते. डॉ. आत्माराम पांडुरंग हे 1867 साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे संस्थापक. त्या समाजाचे मंदिर गिरगावात आहे आणि तेथील चौकाला आजही त्याच नावाने ओळखतात. सोसायटीच्या प्रारंभीच्या सभा भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, होत असत. 1884 च्या जानेवारीत फिप्सन नावाच्या मद्यव्यापाऱ्याने फोर्टातील आपल्या दुकानाची एक खोली तिला देऊ केली. 1886 पासून तिचे नियतकालिक निघू लागले. सदस्यांनी पाहिलेले प्राणी, पक्षी, वनस्पती यांच्या टिपणांचा तो साठा आज भारतातील निसर्गविषयक माहितीचा एक प्रमुख आधार मानला जातो. त्यात शास्त्रज्ञांबरोबरच मामलेदारी, जंगलखाते, रेल्वे, चहामळे अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्यांनी लिहिलेली टिपणे आहेत, ही गोष्ट शासकीय सेवेतील वाचकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

याच संस्थेच्या दारात एक शाळकरी मुलगा मेलेली चिमणी घेऊन गेला होता. 12 नोव्हेंबर 1896 रोजी जन्मलेले सालिम अली गिरगावातील खेतवाडीत मामांच्या घरी वाढले. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि नेहमीच्या घरचिमणीला तो असत नाही, एवढे त्या मुलाच्या लक्षात आले. मामांची चिठ्ठी घेऊन तो सोसायटीचे मानद सचिव मिलार्ड यांना भेटला. मिलार्ड यांनी ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले आणि संग्रहातील खणांमागून खण उघडून त्याला भारतातील पक्ष्यांचे नमुने दाखविले. पुढे 1926 साली सालिम अली तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक-व्याख्याते झाले. पाहुण्यांना वा विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पक्षी दाखविणे हे काम मुंबईत पगारी नोकरी म्हणून करणाऱ्या पहिल्या काही व्यक्तींमध्ये त्यांची गणना करावी लागेल. 1941 साली त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि पक्षी ओळखण्यासाठी तो मारून हाती घेण्याची गरज सर्वसामान्य माणसाला उरली नाही.

शिवडीचे वेळापत्रक

शिवडीस पक्षी पाहावयाचे तर घड्याळापेक्षा पंचांग अधिक उपयोगी पडते. ओहोटीच्या वेळी चिखल दूरवर उघडा पडतो आणि पक्षी पाण्याच्या कडेने इतके लांब जातात की साध्या डोळ्यांना ठिपके दिसावेत. पूर्ण भरतीत चिखल झाकला जातो व पक्षी अन्यत्र निघून जातात. भरती चढत असताना, पूर्ण होण्यापूर्वीचे दोन-एक तास आणि पाणी उतरू लागल्यानंतरचा तेवढाच काळ, पक्षी किनाऱ्याजवळ असतात. मुंबईचे कोळी भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीचा सुमार कळतो. अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी अधिक चढते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती सौम्य असते. हा हिशेब ठाऊक नसल्यामुळे दूरवरून आलेल्या शाळांच्या सहली रिकाम्या चिखलाकडे पाहून परत जातात. शिक्षकांनी तारीख ठरविण्यापूर्वी तिथी पाहिली तर हा हिरमोड सहज टळेल.

येथे रोहित दोन जातींचे असतात. छोटा रोहित संख्येने पुष्कळच अधिक. त्याची चोच गर्द लाल आणि पिसांचा गुलाबी रंग उठावदार असतो. मोठ्या रोहिताची मान लांब, अंग बरेचसे पांढरे व चोच फिकट गुलाबी, टोकाशी काळी असते. दोघेही डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवितात व गाळणीने गाळावे तसे अन्न गाळून घेतात. छोट्या रोहिताचा भर सूक्ष्म शैवालावर, तर मोठ्याचा लहान जलजीवांवर असतो. शहराच्या सांडपाण्याने खाडीत जी पोषकद्रव्ये येतात त्यांवर शैवाल माजते आणि त्या शैवालावर हे पक्षी जगतात, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या घाणीची आपण लाज बाळगतो तिच्याच आधाराने हे वैभव उभे आहे! अर्थात, हा घाणीला पाठिंबा नव्हे. कारखान्यांतून येणारी रसायने याच गाळात साठतात आणि ती पक्ष्यांना सोसवतीलच याची शाश्वती नाही.

बरेचसे प्रेक्षक रोहित पाहून समाधान पावतात आणि त्यांच्या पायांशी चरणाऱ्या करड्या-तपकिरी पक्ष्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. जाणत्यांची दृष्टी मात्र तेथेच खिळते. पाणटिवळे, तुताऱ्या, टिलवे, चिखल्या हे पक्षी मध्य आशिया, सैबेरिया आणि उत्तर ध्रुवालगतच्या प्रदेशातून हजारो किलोमीटर उडून येथे हिवाळा काढतात. दुर्मिळ पक्षी सापडलाच तर या एकसारख्या दिसणाऱ्या जमावात सापडतो. शेकडो काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यांत पट्टेदार शेपटीचा एखादा मिसळलेला असतो. चोच किंचित वर वळलेली आणि उडताना पंखावर पांढरा पट्टा दिसत नाही, एवढ्या दोन खुणांवरून तो वेगळा काढावा लागतो. पावसाळ्यात तर वादळवारा खोल समुद्रावरचे पक्षी कोकणच्या किनाऱ्यावर आणून टाकतो, आणि थकलेला असा पक्षी कधी कधी थेट शहरातील गच्चीवर आढळतो.

वेगळा पक्षी दिसला की अनुभवी मार्गदर्शक प्रथम त्याचे नाव उच्चारत नाही. तो इतरांना खुणा विचारतो : चोच कशी, पाय कोणत्या रंगाचे, उडताना पाठीवर काय दिसले. नाव आधी कानावर पडले की डोळ्यांना नावाप्रमाणेच दिसू लागते, हा मनुष्यस्वभाव आहे. त्यानंतर जागच्या जागी टिपण : दिनांक, वेळ, ठिकाण, भरतीची स्थिती, पक्ष्यांची संख्या, अंतर, पाहणाऱ्यांची नावे. शक्य तर छायाचित्र, आणि आवाज केला असेल तर ध्वनिमुद्रण. आज हातातील फोनवरून अशी यादी ई-बर्ड या जागतिक नोंदसंग्रहात पाठविता येते व असामान्य नोंद असेल तर त्या भागाचे जाणकार परीक्षक पुरावा मागतात. 1987 पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, तिच्यातही अशा हौशी निरीक्षकांचा वाटा मोठा असतो. एवढी कसोशी कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचे उत्तर रानपिंगळ्याच्या हकिगतीत आहे.

एकशे तेरा वर्षांचा अज्ञातवास

पिंगळा हे लहान घुबड महाराष्ट्रात खेड्यापाड्यांतून सर्वांच्या परिचयाचे आहे. रानपिंगळा त्याच्यासारखाच दिसतो, परंतु निरखून पाहिल्यास त्याच्या डोक्यावरचे ठिपके जवळजवळ नाहीसे असतात, पंखांवर व शेपटीवर ठळक रुंद पट्टे असतात, पायांवर दाट पांढरी पिसे आणि पंजे अंगाच्या मानाने दणकट असतात. तो दिवसाढवळ्या शिकार करतो. 1872 साली ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याने सध्याच्या छत्तीसगडमध्ये मोडणाऱ्या प्रदेशात त्याचा पहिला नमुना मिळविला आणि 1873 साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी ब्लेविटचेच नाव देऊन त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. हे ह्यूम म्हणजे राष्ट्रसभेचे संस्थापक. 1885 च्या डिसेंबरात गिरगावानजीक ग्वालिया टँक येथील गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच सुमारास या गृहस्थाने ऐंशी हजारांवर पक्षिनमुन्यांचा आपला संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला होता. भारतीय पक्ष्यांवरील नियोजित ग्रंथाची त्यांची हस्तलिखिते चोरीस गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. त्यानंतर त्यांनी पक्षिशास्त्राचा नाद सोडला.

ह्यूम यांच्यानंतर रानपिंगळ्याचे सर्वाधिक नमुने मिळविले ते जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने, 1880 नंतरच्या चार-पाच वर्षांत, पश्चिम खानदेशात. 1884 नंतर मात्र पक्षी नाहीसा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याचे अवघे सात नमुने होते. त्यांपैकी एकावर 1914 सालची तारीख आणि गुजरातेतील तापीकाठच्या मांडवी गावाचे नाव होते. तो नमुना रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील होता. माणूस वजनदार, पक्षिशास्त्रात नावाजलेला. त्यामुळे ती नोंद सर्वांनी खरी मानली. पक्षी 1914 पर्यंत मांडवीत होता म्हणजे शोध तेथे घ्यावयास हवा, असे ओघानेच ठरले. शोध निष्फळ झाले आणि रानपिंगळा नष्ट झाला असावा असा समज दृढ होत गेला.

अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयांतील या नमुन्यांची नव्याने तपासणी केली. मांडवीचा म्हणून दाखविलेला पक्षी पेंढा भरताना ज्या पद्धतीने शिवला गेला होता ती पद्धत डेव्हिडसनची होती. डेव्हिडसनने खानदेशात मिळविलेला नमुना ब्रिटिश म्युझियममधून चोरून, पुन्हा भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावण्यात आली होती! माइनर्ट्झहागेनने इतरही अनेक पक्ष्यांच्या बाबतीत असेच केल्याचे पुढे उघड झाले. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी रानपिंगळ्याविषयीचा हा पुरावा 1999 साली प्रसिद्ध केला. पण त्याचा उपयोग त्यापूर्वीच झाला होता. मांडवीची नोंद बाद केल्यावर खऱ्या नमुन्यांवरची खरी ठिकाणेच तेवढी शिल्लक राहिली. रासमुसेन, पक्षिनिरीक्षण सहलींचे जगप्रसिद्ध मार्गदर्शक बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे 1997 च्या नोव्हेंबरात भारतात आले. पूर्वेकडील जुनी ठिकाणे धुंडाळून काही हाती लागले नाही, तेव्हा ते खानदेशात उतरले. 25 नोव्हेंबर 1997 च्या सकाळी शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याच्या रानात, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसलेला रानपिंगळा बेन किंग यांच्या नजरेस पडला. तिघांनी तो मनसोक्त पाहिला, त्याची छायाचित्रे व चलच्चित्रे घेतली. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अस्तित्वात आला. म्हणजे हा जिल्हा जन्मला तो जगाला ठाऊक असलेला एक पक्षी बरोबर घेऊनच.

डेव्हिडसनच्या शेवटच्या नमुन्यापासून मोजली तर ही एकशे तेरा वर्षे होतात. या काळात पक्षी त्याच सागवानी रानात होता आणि तेथील आदिवासी बांधवांच्या डोळ्यांसमोरही होता. त्यांना कोणी नेमकेपणाने विचारले नव्हते, इतकेच. याउलट उदाहरण आंध्र प्रदेशातील जेर्डनच्या धाविक पक्ष्याचे आहे. 1900 नंतर न दिसलेल्या या पक्ष्याची चित्रे सोसायटीने गावोगाव दाखविली आणि 1986 च्या जानेवारीत एका स्थानिक शिकाऱ्याने तो रात्री उजेडाच्या झोतात पकडून आणला.

शहाद्याच्या शोधानंतर सोसायटीच्या संशोधकांनी सातपुड्यात पद्धतशीर पाहणी केली. तळोदे, तोरणमाळ आणि मेळघाट येथे रानपिंगळे आढळले. अतिक्रमणाने विरळ होत चाललेली झाडी ही त्याच्यापुढील मोठी अडचण. शिवाय अंधश्रद्धेपायी घुबडांना मारण्याचे प्रकारही घडतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत या पक्ष्याला संपूर्ण संरक्षण दिलेले आहे. 2014 साली तर पक्षिनिरीक्षकांना तो ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात दिसला. ज्या तलावाचे पाणी मुंबई शंभरावर वर्षे पीत आली त्याच्या काठच्या जंगलात हा पक्षी राहत असावा आणि कोणाच्या गावीही नसावे, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. नव्या ठिकाणांच्या अशा नोंदींमुळे पक्ष्याविषयीची भीती काहीशी कमी झाली आणि 2018 साली आंतरराष्ट्रीय यादीत त्याचे स्थान ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ असे एक पायरी सुधारले.

दुर्मिळ पक्ष्याची वार्ता फुटली की गर्दी लोटते, हेही येथे नमूद केले पाहिजे. कॅमेरे घेऊन आलेली मंडळी पक्ष्याला जवळ बोलाविण्यासाठी त्याच्याच आवाजाची मुद्रिका पुनःपुन्हा वाजवितात. बिचारा पक्षी प्रतिस्पर्धी आला समजून पिले सोडून धावत राहतो. घरट्याचे ठिकाण जाहीर न करणे हा जबाबदार मार्गदर्शकांचा संकेत आहे आणि तो ग्रामस्थांनी आग्रहाने पाळून घ्यावा. गिरगाव चौपाटीच्या परिसरात थंडीत येणाऱ्या कुरव पक्ष्यांना शेव-गाठी चारण्याची जी रीत पडली आहे तीही दयेची नव्हे. त्या खाद्याने पक्ष्यांचे हित होत नाही.

शिवडीच्या चिखलाचे भवितव्य हा स्वतंत्र विषय आहे. 2015 साली शासनाने ठाणे खाडीच्या सुमारे 17 चौरस किलोमीटर क्षेत्रास रोहित पक्षी अभयारण्य घोषित केले आणि 2022 साली त्यास रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या केंद्रातून या खाडीत मार्गदर्शकासह नौकेची सफरही घडविली जाते. शिवडीचा पट्टा मात्र या अभयारण्याच्या सीमेत येत नाही. 12 जानेवारी 2024 रोजी खुला झालेला सुमारे 22 किलोमीटरचा अटल सेतू याच चिखलावरून समुद्रात शिरतो. सेतूच्या या भागात आवाज रोखणाऱ्या भिंती बसविण्यात आल्या आहेत, तरी पक्षी पूर्वीच्याच संख्येने तेथे टिकून राहतील की खाडीत अन्यत्र सरकतील, हे वर्षानुवर्षांच्या मोजणीनेच समजेल. 20 मे 2024 च्या रात्री घाटकोपर येथे उतरणाऱ्या विमानाशी टक्कर होऊन 39 रोहित मरण पावले. खाडीकाठच्या पाणथळ जागा बुजल्या की पक्ष्यांचे भरतीच्या वेळचे विसाव्याचे स्थान जाते आणि त्यांची ये-जा वाढते, हे अभ्यासकांचे म्हणणे त्यानंतर पुन्हा चर्चेत आले.

मुंबईबाहेरील पंचायतींसाठी या विषयाची एक व्यावहारिक बाजू आहे. जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अनेक ठिकाणी ही वही एकदाच भरली जाते आणि कपाटात राहते. शेजारच्या गावच्या वहीतील पक्ष्यांची यादी जशीच्या तशी उतरवून घेतल्याचेही दिसून येते. अशी यादी नसलेलीच बरी. गावच्या तळ्यावर दर महिन्याच्या ठराविक दिवशी शाळेच्या मुलांनी शिक्षकांसह जाऊन प्रत्यक्ष दिसलेले पक्षी मोजावेत, दिनांक घालून लिहावेत, ओळख न पटलेला पक्षी ‘ओळख पटली नाही’ असाच नोंदवावा. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा, तर 12 नोव्हेंबर हा सालिम अली यांचा जन्मदिवस. प्रारंभास हा मुहूर्त चांगला आहे.

गावकऱ्यांना कधी तलावाकाठी वा शेतात मेलेला पक्षी सापडतो आणि त्याच्या पायात धातूचे बारीक वाळे असते. ते सरकारी हेरगिरीचे यंत्र असल्याच्या वावड्या उठतात. वस्तुतः पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करण्यासाठी सोसायटी अशी वाळी चढविते. त्यावर इंग्रजी अक्षरांत एक क्रमांक आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस कळविण्याची सूचना कोरलेली असते. अलीकडे काही रोहितांच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग दाखविणारे लहान यंत्रही बसविले आहे. पक्षी मेलेला असल्यास क्रमांक अचूक उतरवून घ्यावा, सापडल्याची तारीख, गाव व तालुका लिहावा आणि संस्थेस अथवा जवळच्या वनक्षेत्रपालास कळवावे. जिवंत असल्यास वाळे काढू नये. क्रमांक वाचून त्याला सोडून द्यावे.